यादीतलं नवं नाव

किराण्याची यादी वाचली की घर कळतं. वर्ध्यातल्या आमच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्या याद्या येतात, त्यातल्या कितीतरी मला तोंडपाठ आहेत. तूरडाळ, पोहे, फल्लीदाणे, सोयाबीन तेल, तोच चहा. चहाच्या पुड्याचा नुसता रंग बदलला तरी गिऱ्हाईक तो उलटसुलट करून बघतं, "नकली तं नाही ना?" बाजूच्या फळीवर ओट्स, चिया, किन्वा मांडलेत. बाया पाकीट हातात घेतात, किंमत बघतात, "पोरं खातीन का हे?" असं विचारतात आणि ते जागेवर ठेवून साबुदाणा मागतात.

याला कोणी मागासपणा म्हटलं की मला राग येतो. दोनशे रुपयांचं पाकीट पोरांनी ताटात तसंच ठेवलं तर ते पैसे कोण भरून देणार? शिवाय ही सावधगिरी आपल्या अंगातच आहे. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1976 साली ती नेमकी मांडली. एकाच झाडाचा पाला खाणाऱ्या प्राण्याला खाण्याची चिंता नसते. सगळं खाऊ शकणाऱ्या माणसाला नवं अन्न शोधावंही लागतं, आणि त्यातलं एखादं विषारी निघेल म्हणून भ्यावंही लागतं. उंदीरसुद्धा अनोळखी दाणा आधी जरासाच कुरतडतो. दुकानात "पाव किलोच द्या, बघू" म्हणणारी बाई तेच करते.

नव्या अन्नाचा एक मोठा प्रयोग आमच्याच गावात झालाय. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली, कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांच्या बरोबरीने तिथे सोयाबीनही शिजलं. बडोदा संस्थानात तेव्हा सोयाबीनचा प्रचार चालू होता. 1935 साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं आणि मगनवाडीतल्या मंडळींना ते खायला लावलं. हिशेब चोख होता: दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं, 20 टक्के तेल आणि गरिबाला परवडेल असं धान्य.

तरी आमच्या घराघरांत सोयाबीनची उसळ काही गेली नाही. मला विचाराल तर ते आलंच चुकीच्या दाराने. पथ्य म्हणून आलेलं अन्न लोक नमस्कार करून बाजूला ठेवतात. त्यात सोयाबीन स्वभावाने हट्टी. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते नीट शिजवल्याशिवाय मोडत नाहीत. गार पाण्यात भिजवून वाटलं तर दाण्यातलं एक विकर जागं होतं आणि हिरवट, उग्र वास सुटतो. दाणे उकळत्या पाण्यात टाकले की ते विकर तिथेच निकामी होतं. ही युक्ती ज्या घरात माहीत नाही, तिथे पहिलीच वाटी शेवटची ठरते.

पुढे सोयाबीन आलं ते शेतातून. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भात ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पसरलं, तेही खाण्यासाठी नाही, विकण्यासाठी. कढईत त्याचं तेल आलं. एके काळी इकडे जवसाचं तेल खाल्लं जायचं. त्याची जागा या तेलाने कधी घेतली, कुणाला सांगता येणार नाही, कारण तेलाला स्वतःची अशी चव नव्हती. मग वडी आली. तेल काढून उरलेलं पीठ गरम करून दाबाखाली यंत्रातून काढलं की फुगीर वडी तयार होते. तिच्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. पण ती खपली वेगळ्याच कारणाने. आलं-लसूण, खोबरं, खसखस, काळा मसाला घातलेल्या झणझणीत रश्श्यात ती मटणासारखी रस्सा पिते. मसाला ओळखीचा, तर्री ओळखीची, तेवढी वडी नवी. पोरांनी बिनतक्रार खाल्ली. आमच्या दुकानात तिचं पोतं आता कधी रिकामं राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही हाच पेच पडला होता. चांगलं मांस सैन्याला जात होतं, म्हणून गृहिणींनी हृदय, गुर्दा असं काही शिजवावं अशी सरकारची इच्छा. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी काही जणींना व्याख्यान दिलं, तर काहींना एकत्र बसून चर्चा करू दिली आणि शेवटी हात वर करून ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी असा एखादा पदार्थ घरी केला, चर्चेतल्या 32 टक्क्यांनी. घरात कोणतं अन्न शिरेल ते ठरवणारी बाई दारावरची राखणदार असते, हेही लेविन यांनीच सांगितलं. आमच्या काउंटरसमोर ही सभा रोजच भरते. एकीने "मी केलं होतं, बरं लागते" म्हटलं की पाकिटावरच्या छापील गुणांची गरज उरत नाही.

लहान मुलांचं आणखी वेगळं. मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांच्या 1980च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं, की अनोळखी चव आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर आली की मुलं तिला सरावतात. एकदा तोंड वाकडं केलं म्हणजे संपलं, असं नाही. पण दहादा करायचं तर पदार्थ स्वस्त हवा, आणि महागडी पाकिटं नेमकी तिथेच अडतात.

म्हणून कोणी विचारलंच तर मी किन्वाकडे बोट दाखवत नाही. सोयाबीन उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि नऊ किलो गव्हात एक किलो घालून चक्कीवर द्या. पोळीत कळतसुद्धा नाही. नवंच काही हवं असेल तर समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद घ्या. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कुरकुमिन सहा टक्क्यांच्या वर असतं, आणि आपल्या जिल्ह्यातली असून कित्येक याद्यांमध्ये ती अजून नाही. फक्त रोजच्यापेक्षा थोडी कमी टाका, नाहीतर वरण कडवट होतं आणि घरचे म्हणतात, "जुनीच आण."