म्हातारपणाचं दुखणं आणि अफूची गोळी

मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात दरवर्षी हिवाळा सरताना अफूच्या बोंडांना चिरे पाडून चीक गोळा करतात. परवाना घेऊन पिकवलेली ही अफू सरकार विकत घेतं. मॉर्फिन मिळतं ते याच चिकातून. आणि याच देशात, कर्करोग हाडांत उतरलेल्या एखाद्या आजोबांसाठी मॉर्फिनची साधी गोळी मिळवायला घरच्यांना जिल्ह्याच्या गावाला किंवा थेट मोठ्या शहरात खेपा घालाव्या लागतात.

याची सुरुवात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापासून झाली. शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट, की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या काही वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. पण मधल्या काळात डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिन एकदाही लिहून न देता शिकून बाहेर पडल्या. कायदा बदलला तरी हाताला सवय कुठून यावी?

घरातली भीती तर आणखी जुनी. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलं’, ‘सवय लागेल’ असं म्हणत माणसं ऐंशीच्या आईला कळवळताना बघत बसतात. वास्तविक कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचं असतं. ही भीती दूर व्हायलाच हवी, कारण तिची किंमत रुग्ण मोजतो.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की जिथे सावध राहायला हवं तिथे मात्र कुणी घाबरत नाही. गुडघेदुखी-कंबरदुखीवर ट्रॅमाडॉलची गोळी, बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर एकत्र, सर्रास दिली जाते. तीही अफूच्याच वाटेने काम करते हे अनेक घरांत ठाऊक नसतं. २०१८ पासून तीही त्याच कायद्याखाली आली आहे. म्हाताऱ्या माणसांत ट्रॅमाडॉलने सोडियम उतरू शकतं, भ्रम होऊ शकतो, झटकेही येऊ शकतात. आणि फायदा? अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर, खुबा आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर मॉर्फिन, ऑक्सिकोडोनसारखी जोरकस औषधंही इतर वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. त्रास मात्र जास्त झाला. अशा दुखण्यात मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणं यांवर आधी भर द्यायला हवा.

मॉर्फिन गरजेचंच असेल तेव्हा वय लक्षात घ्यावं लागतं. मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडाचं काम मंदावून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते साचून गुंगी येते. म्हणून सुरुवात अगदी कमी मात्रेने, अनेकदा अडीच मिलिग्रॅमने, आणि वाढ सावकाश. मळमळ, झोप काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच सुरू करतात. नुसत्या इसबगोलावर भागत नाही. पाणी कमी पिणाऱ्या माणसाला उलट त्याने खडा होऊ शकतो. रात्री उठताना तोल जाऊन खुबा मोडण्याचा धोका असतो. झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगायलाच हवी, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. मॉर्फिनच्याच जातीच्या फेंटानिलची पट्टी त्वचेवर लावलेली असताना तापात किंवा शेकाच्या पिशवीने औषध जास्त वेगाने अंगात शिरतं, हेही घरच्यांना ठाऊक हवं.

स्मृतिभ्रंश झालेल्यांचं काय? त्यांना ‘किती दुखतंय’ हे सांगता येत नाही. त्यांच्यासाठी श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींवर गुण देणारी एक पद्धत डॉक्टर-परिचारिका वापरतात. घरीही लक्ष ठेवता येतं. एरवी शांत असलेल्या आजी आंघोळ घालताना हात झटकू लागल्या, कूस बदलताना ओरडू लागल्या, तर ‘आता हट्टी झाल्या’ म्हणून झोपेचं औषध मागण्याआधी डॉक्टरांना विचारावं, की यांना कुठे दुखत तर नाही ना.