हमरस्ता सोडून साजगावला

मुंबई-पुणे येजा करणाऱ्यांच्या लेखी खालापूर म्हणजे टोलनाका आणि कर्जत म्हणजे वडापाव. एक्सप्रेस वे, जुना हमरस्ता आणि लोहमार्ग, तिन्ही याच भागातून जातात, पण गावं त्यांच्या आडोशाला वसलेली. गाडीवाल्याला तिथे वळायचं कारण पडत नाही आणि पायी फिरायचं तर दिवस पुरत नाही. सायकलीला मात्र हा मुलूख बेताचा आहे. खोपोलीला लागून असलेलं साजगाव मध्यावर धरलं, तर रोज वेगळी दिशा घेऊन संध्याकाळी मुक्कामी परतता येतं.

पोचायचं कसं

खोपोलीपर्यंत लोकल जाते. कर्जत-खोपोली हा फाटा १८५६ सालचा. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तोवर मुंबईची गाडी खोपोलीपर्यंतच येई आणि पुढचा घाट लोक पालखीतून किंवा तट्टावरून चढत. आज सायकलवाल्याला या फाट्याचा फायदा वेगळाच. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही लहान स्थानकं वाटेत हाताशी असतात. ऊन चढलं किंवा टायरने दगा दिला, की सायकल ढकलत जवळचं स्थानक गाठायचं. गाड्या थोड्या आहेत, तेव्हा वेळापत्रक खिशात हवं. सायकल सामानाच्या डब्यात चढवण्याचे नियम स्थानकावर आधीच विचारून घ्यावेत, आणि गर्दीच्या वेळी तो विचारच सोडावा.

रस्ता निवडताना

एक्सप्रेस वेवर सायकलीला मनाई आहे. जुन्या हमरस्त्यावर मनाई नाही, पण कंटेनरच्या वाऱ्याने हँडल हलतं. तो ओलांडण्यापुरताच वापरावा. साजगाव-ढेकूच्या बाजूला कारखाने आहेत. पाळी सुटते तेव्हा बस, ट्रक, धूळ सगळं एकदम येतं. ही वेळ टाळली तर त्याच भागात कारखान्याच्या भिंतीला खेटून भातशेती दिसते, आणि इथल्या पुष्कळ घरांची कमाई या दोन्हींतून येते हेही कळतं. निव्वळ हिरवं कोकण शोधणाऱ्याची इथे थोडी निराशा होईल. मला तरी हा भाग त्यामुळेच जास्त खरा वाटतो.

पहिल्या दिवशी महडचा वरदविनायक पुरे. पाय सरावले की खोपोली-पाली रस्त्याने शेमडीपर्यंत जावं आणि तिथून चावणीकडे आत वळावं. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडीत पकडलं ती उंबरखिंड हीच. घाट उतरून दमलेली फौज या झाडीत शिरली तेव्हा तिला मागेपुढे का सरता आलं नाही, हे सायकलवरून उतरून दोन्हीकडचे डोंगर पाहिले की आपोआप उलगडतं.

उन्हाळ्यातली वाहती नदी

कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात डबक्यांवर येतात. खोपोलीची पाताळगंगा मात्र वाहत असते. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या आसपास टाटांनी तलाव बांधले, त्यांचं पाणी प्रचंड नळांतून डोंगराखाली आणलं आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीज तयार होऊ लागली. ती वीज मुंबईला जाते; जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं. कर्जतकडे उल्हास नदीला असंच पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून मिळतं. डोंगरउतारावरचे ते नळ लांबूनही दिसतात. पण नदीत उतरायचा मोह नको. केंद्रातून पाणी सुटलं की पातळी वाढते, तेव्हा आधी गावकऱ्यांना विचारावं.

शेताच्या वेळापत्रकाने

पावसाच्या आधी शेतात राब भाजतात, तेव्हा हवेत धूर असतो. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. भर पावसात डोंगराकडचे रस्ते टाळावेत: १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती याच खालापूर तालुक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी चालते. मग रिकाम्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत त्याच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मीठ, ओवा, कुणी अंडी किंवा कोंबडीही घालतं. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. सायकलवाल्यासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम म्हणतात, त्याला हवेइतकीच पोपटीही कारण आहे.

वाडीत शिरताना

ठाकूर आणि कातकरी वाड्यांत रस्ता बहुधा अंगणातूनच जातो. तिथे घंटी वाजवत जाण्यापेक्षा उतरून चालावं. म्हातारं माणूस दिसलं तर ‘राम राम बाबा’ म्हणावं, ‘कुठचे तुम्ही?’ हा प्रश्न येतोच, त्याला नीट उत्तर द्यावं. फोटो विचारून. पाणी मागितलं तर तांब्याभर मिळतं, पण उन्हाळ्यात ते लांबून डोक्यावर आणलेलं असतं, म्हणून आपल्या बाटल्या खोपोलीतच भरून घ्याव्यात. कुत्रं अंगावर आलं तर सायकल पळवू नये. उतरून सायकल मध्ये धरावी आणि सावकाश पुढे सरकावं.

सोबत काय घ्यावं

महागडी सायकल लागत नाही. रुंद टायर आणि चढाला दोन-चार गिअर असले की झालं. पंप, पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब एवढं हवंच, कारण काटेरी कुंपणाच्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात.

कार्तिकातली यात्रा

साजगाव-ताकईचा विठोबा टेकडीवर आहे. तुकाराम महाराज मिरच्या विकायला इथवर येत, अशी आख्यायिका सांगतात. कार्तिकी एकादशीपासून इथे यात्रा भरते आणि तिची ख्याती सुक्या मासळीसाठी आहे. देवालाही लोक ‘बोंबल्या विठोबा’च म्हणतात. बोंबील, सोडे, जवळा यांचे ढीग, जवळच घोंगड्या, कोयते-विळे आणि बैलांचा बाजार. घाटावरचे आणि खाडीकडचे लोक इथे समोरासमोर घासाघीस करतात. गर्दीत सायकल हातात धरूनच फिरावं, किंवा ओळखीच्या टपरीवर लावून यावं. बोंबील घेतलेच तर दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून कॅरिअरला घट्ट आवळा. नाहीतर परतीच्या लोकलमध्ये तुमच्या सायकलीला भरपूर जागा मिळेल, पण शेजारी कोणी उभं राहणार नाही.