रॉकेटची मोटार घरात भरायची नसते

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला की कुरुळीचा परिसर लागतो. तिथून निघोजे, चाकणपर्यंतच्या पट्ट्यात लेथ आणि मिलिंगची छोटी वर्कशॉप जागोजागी आहेत. ड्रॉइंग दाखवले की ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना आटे, एका टोकाला नॉझल असे काम इथला कारागीर सहज करून देईल. मॉडेल रॉकेट बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके हेच हवे असते. ही नळी निरुपद्रवी असते. तिच्यात काय भरले जाते आणि ते कोण भरते, यावर त्या मुलाची बोटे आणि डोळे अवलंबून असतात.

चांद्रयान-3 ऑगस्ट 2023 मध्ये चंद्रावर उतरल्यापासून मुलांमध्ये अवकाशाचे वेड वाढले आहे, आणि ते चांगलेच आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून मुले विचारतात, ‘ही मोटार आणि तिचा रीलोड किट आपल्याकडे कुठे मिळेल?’ दुकानात तो सहजासहजी मिळत नाही. मग कुणीतरी सुचवते, ‘मिश्रण घरीच करू.’ खरा धोका इथून सुरू होतो.

मोटार म्हणजे काय?

छंदाच्या रॉकेटचे इंजिन म्हणजे घन इंधनाची नळी. तिच्यावर ‘सी6-5’ असा काहीतरी शिक्का असतो. त्यातले अक्षर एकूण जोर सांगते. ए, बी, सी असे पुढे जाताना प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो आणि शेवटचा आकडा इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडेल ते सांगतो. लहान मोटारी कागदी पुठ्ठ्याच्या असतात आणि एकदाच वापरून टाकून द्यायच्या असतात.

मोठ्या मोटारींसाठी रीलोडची पद्धत आहे. ॲल्युमिनियमची नळी पुन्हापुन्हा वापरायची आणि प्रत्येक उड्डाणाला नवा किट घ्यायचा. किटमध्ये कारखान्यात ओतून, घट्ट करून तपासलेल्या इंधनाच्या कांड्या, आतले अस्तर, नॉझल, विलंबाची कांडी आणि रबरी ओ-रिंग असतात. वापरणारा हे भाग सूचनापत्रकानुसार जुळवतो. इंधन कालवणे, ओतणे, कापणे ही कामे त्याच्याकडे नसतात. सगळ्यात धोकादायक टप्पा घराबाहेर, यंत्रांकडे आणि प्रशिक्षित माणसांकडे ठेवणे हाच या किटचा खरा उपयोग. घरी मिश्रण करणारा नेमका तोच टप्पा स्वयंपाकघरात आणतो.

फुटते का?

घन इंधन पृष्ठभागावरून जळते. कांडीत बारीक भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर ज्योतीला अचानक जास्त पृष्ठभाग मिळतो. वायू वाढतो, दाब वाढतो, दाबामुळे जळण्याचा वेग आणखी वाढतो. हे चक्र सेकंदाच्या छोट्या अंशात पूर्ण होते आणि नळीचा बॉम्ब होतो. हाताने केलेल्या मिश्रणातली भेग बाहेरून दिसत नाही.

ओ-रिंगचे महत्त्व चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही फिटरला सांगावे लागत नाही. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या घन इंधनाच्या बूस्टरमधली ओ-रिंग थंडीने कडक झाली, सांध्यातून तप्त वायू निसटला आणि सात अंतराळवीरांचा बळी गेला. छंदाच्या मोटारीतही चिरलेली किंवा नीट न बसलेली ओ-रिंग तप्त वायूला वाट करून देते.

नळीच्या धातूचाही प्रश्न आहे. कागदी नळी फुटली तर चिंध्या उडतात. लोखंडी पाइप फुटला तर धारदार तुकडे उडतात. 1930 मध्ये बर्लिनमध्ये रॉकेट-प्रयोगकर्ते मॅक्स व्हालियर इंजिनाच्या चाचणीवेळी स्फोट होऊन मरण पावले. धातूच्या एका तुकड्याने त्यांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फाडली होती.

धडा जुना आहे

ऑक्टोबर 1957 मध्ये ‘स्पुटनिक’ अवकाशात गेला आणि अमेरिकेत मुलांनी तळघरांत, गॅरेजमध्ये रॉकेटे भरायला सुरुवात केली. त्यात मुले जखमी झाली, काही दगावली. त्याच वर्षी नेब्रास्कातले बूट-विक्रेते ऑर्व्हिल कार्लाइल यांनी आपल्या कागदी, बदलता येणाऱ्या मोटारीचे रॉकेट रॉकेट-अभियंते हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठवले. पुढे व्हर्न एस्टेस यांनी या मोटारी यंत्राने बनवायला सुरुवात केली. मुलांच्या हातचे मिश्रण गेले आणि तयार मोटार आली. त्यासोबत नियमही आले. प्रमाणित मोटारच वापरायची. काडीने किंवा वातीने पेटवायचे नाही, विजेच्या इग्नायटरनेच पेटवायचे. लहान मोटारीपासून सुमारे साडेचार मीटर आणि त्याहून मोठ्या मोटारीपासून नऊ मीटर लांब उभे राहायचे. मोटार पेटली नाही तर सर्किट तोडून किमान 60 सेकंद जवळ जायचे नाही. ‘एच’ आणि त्यावरच्या मोटारी घ्यायच्या तर वय 18 पूर्ण हवे आणि संघटनेची परीक्षाही द्यावी लागते.

तळवड्याची आठवण

कुरुळीपासून काही किलोमीटरवर, इंद्रायणीच्या पलीकडे तळवडे आहे. 8 डिसेंबर 2023 रोजी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये भीषण आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार होत होत्या. सहा महिला कामगार जागीच गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काहींचा नंतर रुग्णालयात मृत्यू झाला. तिथे रॉकेट बनत नव्हते. पण केकवरच्या त्या चिमुकल्या नळीतही ठिणगी लागताच पेट घेणारे मिश्रण असते. एका मेणबत्तीत ते चिमूटभर असते. खोलीत त्याचा साठा झाला की प्रमाण बदलते आणि बाहेर पडायचा रस्ता एकच असेल तर पळायला वेळ उरत नाही. ‘एवढ्याशा दारूने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर या पट्ट्याने पाहिलेले आहे.

कायदा आणि सुरक्षित वाट

1884 च्या स्फोटके कायद्यातल्या स्फोटकांच्या व्याख्येत रॉकेटचाही उल्लेख आहे. अशा वस्तू बनवणे, बाळगणे, विकणे किंवा आयात करणे यांसाठी स्फोटके नियम 2008 लागू होतात आणि परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. परदेशी संकेतस्थळावर किट दिसला म्हणून तो कुरिअरने मागवता येत नाही. ओळखीतून कुणी आणून दिला तरी तो बेकायदाच ठरतो.

मग मुलांनी काय करायचे? शाळेतल्या मुलांसाठी पाण्याचे रॉकेट उत्तम आहे. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यात क्रिया-प्रतिक्रिया, दाब आणि स्थैर्य हे सगळे शिकता येते. तिथेही डोळ्यांवर गॉगल हवा आणि बाटलीवर वाकायचे नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयामार्फत, मार्गदर्शकासह, परवानाधारकाकडून मोटार पुरवणाऱ्या स्पर्धांकडे वळावे. ‘इन-स्पेस’च्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा आपल्या देशात सुरू झाल्या आहेत. वर्कशॉप-मालकांनीही ड्रॉइंग घेताना एवढेच विचारावे, ‘यात काय भरणार? सोबत कोण शिक्षक आहेत?’

अपघात झालाच तर

भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढा. स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल गुंडाळा. डोळ्यात तुकडा घुसल्याची शंका असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, थेंबही घालू नका. वरून कागदी कप पालथा ठेवून चिकटवा. नुसती पावडर गेली असेल तर मात्र लगेच भरपूर पाण्याने धुवा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. नाकाजवळ काजळी, घोगरा आवाज, दम लागणे ही श्वासमार्ग भाजल्याची लक्षणे आहेत. लगेच 108 ला फोन करा.

रुग्णालयात पोहोचल्यावर खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने ‘फटाका हातात फुटला’ असे सांगणारे पालक असतात. फटाक्याची जखम आणि धातूच्या नळीची जखम यांचे उपचार वेगळे असतात. त्वचेवर तीळभर भोक दिसते आणि तुकडा आत खोलवर, कधी डोळ्यात, कधी पोटात असतो. काय फुटले हे कळले, तरच डॉक्टर योग्य जागेचा एक्स-रे काढतात. आधी उपचार, मग पोलिसांचे कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. नळी कसली होती आणि तिच्यात काय भरले होते, ही दोन वाक्ये डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगितली, तर मुलाचा डोळा वाचण्याची शक्यता वाढते.