माणसाने पाडलेले भोक माणूसच बुजवतो आहे!

ओझोनच्या थराला भोक पडले आहे, हे आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात असते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. परंतु हे भोक कशाने पडले आणि पुढे त्याचे काय झाले, असे मुलांनी घरात विचारले तर आपल्यापैकी बरेचजण गप्प बसतात. कोणी म्हणतो, कलियुग आहे, निसर्ग कोपला! आम्हा बौद्धांना असे बोलून चालणार नाही. केवळ परंपरेने आले किंवा थोरांनी सांगितले म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. तेव्हा हा प्रश्नही आपण कार्यकारणभावाच्या कसोटीवर पारखून घेऊ.

छत्र कसले?

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायू विरळ पसरलेला आहे. हा सगळा वायू खाली आणून जमिनीवर पसरला तर त्याचा थर जेमतेम ३ मिलीमीटर भरेल. पण सूर्याच्या अतिनील किरणांतील घातक भाग एवढेसे हे पांघरूणच अडवते. ते किरण जास्त प्रमाणात खाली आले तर त्वचेचा कर्करोग आणि डोळ्यांचा मोतीबिंदू वाढतो, पिकांची व समुद्रातील सूक्ष्म जीवांची हानी होते. सावळ्या कातडीला कर्करोगापासून बरेच संरक्षण असते, डोळ्यांना तसे नसते. म्हणून दिवसभर उन्हात राबणाऱ्याने ही गोष्ट आपल्याशी संबंधित नाही असे समजू नये.

कारण सापडले

१९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी फ्रिजसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी वायू पुढे आणले. जळत नाहीत, विषारी नाहीत, म्हणून त्यांचे सर्वत्र स्वागत झाले. फ्रिज, एसी, फवारे, फोम, सगळीकडे ते वापरात आले. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. हे वायू खाली नष्ट होत नाहीत, वर जातात. तेथे अतिनील किरणांनी फुटून त्यांतील क्लोरीन मोकळा होतो, आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा नाश करू शकतो. कारखानदारांनी हे मानले नाही. परंतु १९८५ साली जो फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील आपल्या ठाण्यातील अनेक वर्षांची मोजमापे जगापुढे ठेवली. तेथे दर ऑक्टोबरात ओझोन झपाट्याने घटत होता. आता नाकारायला जागा उरली नाही. मोलिना, रोलँड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्याने बिघडवले त्याने भरावे

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात हे वायू कमी करण्याचा करार झाला. भारत आणि चीन त्यात लगेच सामील झाले नाहीत. त्यांचा सवाल रास्त होता. श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षे हे वायू हवेत सोडले, मग त्याचा भुर्दंड गरीब देशांनी का सोसावा? १९९० साली लंडनच्या बैठकीत यावर तोडगा निघाला. श्रीमंत देशांनी निधी उभारायचा आणि गरीब देशांना नवे तंत्र घेण्यासाठी मदत द्यायची असे ठरले. गरीब देशांना दहा वर्षांची जादा मुदतही मिळाली. १९९२ साली भारत करारात आला. १ ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशात सीएफसीचे उत्पादन थांबले. दम्याच्या पंपापुरती तेवढी सवलत काही काळ राहिली.

आम्हाला या करारातील हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. समता म्हणजे सर्वांच्या डोक्यावर सारखेच ओझे देणे नव्हे. ज्याने जास्त घेतले त्याने जास्त द्यावे आणि मागे राहिलेल्याला हात द्यावा, हे तत्त्व बाबासाहेबांच्या लेकरांना नव्याने सांगायला नको. जगाने ते मान्य केले म्हणून २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सगळे सभासद देश या करारात आले. आज सीएफसी जवळजवळ बंद आहेत. अंटार्क्टिकावरचे भोक अजून दरवर्षी पडते, पण थर भरून येऊ लागला आहे. शास्त्रज्ञांच्या २०२३ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार सध्याची बंधने पाळली तर जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास तो १९८० सालासारखा होईल. कारण दूर केले की परिणामही दूर होतो, तो असा!

आपल्या घरापर्यंत

एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. ते भोक महाराष्ट्रावर नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्या भोकामुळे वाढलेला नाही. तरीही फ्रिज-एसीतील बरेच वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. सीएफसीच्या जागी आलेले काही वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता वाढवतात. त्यांनाही आवर घालण्याचे २०१६ साली रवांडातील किगाली येथे ठरले. २०२१ साली भारताने त्याला मान्यता दिली.

आपली कितीतरी मुले आयटीआय करून फ्रिज-एसी दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, जुन्या एसीतील आर-२२ गॅस ओझोनला मारक आहे, तो हवेत सोडू नका, सिलिंडरमध्ये काढून घ्या. नव्या घरगुती फ्रिजमधील आर-६००ए आणि काही एसींतील आर-२९० हे गॅस पेट घेतात. ते पूर्ण काढल्याशिवाय नळीला ज्योत लावू नका, खिडक्या-दारे उघडी ठेवा, आणि जुन्या यंत्रात ते भरू नका. मालकाची घाई आपल्या जिवापेक्षा मोठी नाही. आणि माताभगिनींनो, फ्रिज थंड होईनासा झाला तर आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मगच गॅस भरून घ्या. पैसेही वाचतील.

१६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन वर्षावासातच येतो. विहारात ग्रंथवाचनाला मंडळी जमतात, तेव्हा एका संध्याकाळी मुलांना उभे करून हा विषय बोलायला लावावा. आकाशातले संकट नवसाने टळले नाही. ते मोजमापाने, विचाराने आणि न्यायाच्या कराराने मागे हटते आहे, हे त्यांच्या तोंडून सर्वांना ऐकू द्या.