विमातत्त्व आणि हंगामी कामगार : खानदेशच्या संदर्भात एक टिपण

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्याची जी उभारणी झाली, तिचे वर्णन बहुधा औदार्याच्या भाषेत केले जाते. वस्तुतः डिसेंबर 1942 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर विल्यम बेव्हरिज यांच्या अहवालाचा पाया औदार्य हा नसून विमा हा होता. कामगाराने दर आठवड्यास ठराविक वर्गणी भरावी, मालकाने व शासनाने तीत आपला वाटा घालावा, आणि आजार, बेकारी वा वार्धक्य आले असता कामगाराने याचक म्हणून नव्हे, तर हक्कदार म्हणून निर्वाहाची रक्कम घ्यावी, अशी ती योजना. 1946 चा राष्ट्रीय विमा कायदा याच तत्त्वावर रचला गेला. 5 जुलै 1948 रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा मात्र मुख्यत्वे सर्वसाधारण करांतून चालली. तेथे वर्गणीची अट नव्हती. हा भेद अभ्यासकांच्याही नजरेतून पुष्कळदा निसटतो.

विमातत्त्वाच्या मुळाशी एक गृहीत आहे : वर्गणी भरणाऱ्याच्या हाताला सतत काम असले पाहिजे. व्यापक बेकारी होऊ न देणे ही बेव्हरिज यांनी आपल्या योजनेची पूर्वअट मानली, ती याच कारणाने. विम्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांसाठी 1948 च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याचा आधार होता. मात्र तो मिळण्यापूर्वी मिळकतीची चौकशी होत असे.

भारतात औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची सविस्तर योजना प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 मध्ये सादर केली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी आपली योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या उद्योगांतील बारमाही कारखान्यांपुरती मर्यादित ठेवली. वर्गणीचा हिशेब जेथे अखंड ठेवता येईल तेथूनच आरंभ करणे व्यवहार्य, ही त्यांची दृष्टी अयोग्य म्हणता येणार नाही. तिच्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

खानदेशच्या दृष्टीने या कायद्यातील कळीचा शब्द आहे ‘हंगामी कारखाना’. कायदा प्रथम हंगामी कारखाने वगळून इतरांस लागू झाला. आणि व्याख्येत ज्या उद्योगांची नावे आली त्यांत कापसातून सरकी काढणे, रुईच्या गाठी बांधणे व भुईमूग फोडणे ही कामे होती. जळगाव-धुळ्याकडील कोणाही माणसास ही यादी आपल्याच मुलखाची वाटावी! परिणामी अंमळनेरच्या प्रताप मिलमधील साचेवाला विम्यास पात्र ठरणाऱ्या उद्योगात मोडला, तर त्याच तालुक्यातील जिनमध्ये कापूस ओढणारा मजूर त्याच्या बाहेर राहिला. धागा एकच, हक्क मात्र दोन तऱ्हांचे. शिवाय कापसाच्या बाबतीत ही व्याख्या उद्योगाच्या नावावरून ठरते; अमुक जिन वर्षातून किती महिने चालतो, हे ती विचारीत नाही.

जिनमजुरास काहीच संरक्षण नव्हते असे नाही. अपघात झाल्यास 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचा आधार होता. पण तेथे दायित्व एकट्या मालकाचे. सामायिक निधीचे नव्हे. आजारपणाच्या रजेतील वेतन किंवा कुटुंबाचा औषधोपचार त्यात येत नाही.

महाराष्ट्राने पुढे दोन निराळ्या वाटा चोखाळल्या. 1969 च्या माथाडी कायद्याने मजुराचे नाव एका मालकाकडे न नोंदविता मंडळाकडे नोंदविले. मजुरी व तीवरील आकारणी मंडळात जमा होऊ लागली. काम तुटक असूनही वर्गणी अखंड ठेवण्याची ही युक्ती, माझ्या मते, आडारकरांच्या अडचणीस दिलेले सर्वांत मार्मिक उत्तर आहे. दुसरी वाट रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात तिचे महत्त्व पटले, आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. बेव्हरिज यांनी जे गृहीत धरले होते तेच, म्हणजे काम, येथे हक्क म्हणून मागता येऊ लागले. आजारी माणसास मात्र खडी फोडता येत नाही.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 1948 च्या विमा कायद्याचा समावेश करण्यात आला. हंगामी कारखान्याचा अपवाद तिच्यातही राहिला आहे, आणि त्याच्या यादीत आरंभीच नाव आहे ते सरकी काढण्याच्या उद्योगाचे.