हरणाच्या शिकारीसाठी एकच रायफल : बोअर कोणता निवडावा?

अमेरिकेत शरद ऋतूची चाहूल लागली, की शिकाऱ्यांच्या बैठकींत एक जुना वाद नव्याने रंगू लागतो. हरणासाठी कोणत्या बोअरची रायफल उत्तम? बापाने मुलाला एक सांगितलेले असते, बंदुकीचा दुकानदार दुसरेच सुचवतो आणि शेजारी तिसऱ्याच काडतुसाचे गोडवे गातो. नवख्या शिकाऱ्याचा त्यात पुरता गोंधळ उडतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबरांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद काहीसा परका वाटेल. अमेरिकेतील परिस्थिती मात्र वेगळी आहे. बेसुमार शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. पुढे शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरील ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू बहुतेक भागांतून नाहीसे झाल्याने त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम प्रामुख्याने परवानाधारक शिकाऱ्यांकडे आहे.

म्हणूनच बोअरच्या निवडीला केवळ हौसेचा विषय मानता येत नाही. योग्य गोळी योग्य जागी बसली, तर जनावर काही क्षणांत कोसळते. निवड चुकली अथवा नेम हुकला, तर तेच जनावर जखमी अवस्थेत रानात शिरते आणि तासन्तास तडफडत मरते. शिकारीला मान्यता देणाऱ्या समाजातही हे पाप समजले जाते.

बोअर आणि काडतूस

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. शस्त्र परवान्यांमुळे आपल्याकडे ‘३१५ बोअर’ आणि ‘१२ बोअर’ हे दोन्ही शब्द परिचित आहेत. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. छऱ्यांच्या बंदुकीतील १२ हा आकडा, नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, हे सांगतो. रायफलीचा बोअर हे नळीच्या अथवा गोळीच्या व्यासाचे इंचातील माप असते.

केवळ व्यासावरून मात्र रायफलीची ताकद कळत नाही. ‘.३०-३० विंचेस्टर’, ‘.३०८ विंचेस्टर’ आणि ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ या तिन्ही काडतुसांतील गोळीचा व्यास ०.३०८ इंच इतकाच आहे. फरक पडतो तो पितळी कवचाच्या आकारमानामुळे, त्यात मावणाऱ्या दारूमुळे आणि त्यातून निर्माण होणाऱ्या दाबामुळे. १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमची गोळी पहिल्या काडतुसातून साधारण २,३९० फूट प्रति सेकंद वेगाने सुटते, दुसऱ्यातून २,८२० आणि तिसऱ्यातून २,९१० फूट वेगाने. त्यामुळे नळीवर जे नाव कोरलेले असेल, नेमके तेच काडतूस वापरावे लागते. ‘.३०० ब्लॅकआउट’चे काडतूस ‘.२२३’च्या रायफलीत चुकून बसू शकते आणि बार उडताच नळी फुटून चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

हरणाला किती ताकद पुरते?

पांढऱ्या शेपटीचा प्रौढ नर प्रदेशानुसार साधारणतः ६० ते १३० किलो वजनाचा असतो. हे जनावर फार चिवट नाही. पुढच्या पायामागे, हृदय व फुप्फुसे असलेल्या सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या भागात गोळी शिरणे महत्त्वाचे. कोलोरॅडो राज्याच्या नियमांत या गरजेचा अंदाज मिळतो. तेथे हरणासाठी गोळीचा व्यास किमान ०.२४ इंच, वजन किमान ७० ग्रेन आणि १०० यार्डांवरील ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी लागते. ‘.२४३ विंचेस्टर’ हे १९५५ मधील तुलनेने सौम्य काडतूसही ही अट सहज पूर्ण करते.

मग मोठी काडतुसे हवीत कशाला? एक कारण अंतराचे आहे. ‘.३०८’ रायफलीचा नेम २०० यार्डांवर जुळवला, तर ३०० यार्डांवर गोळी सुमारे २० सेंटिमीटर खाली येते. १८९५ मधील ‘.३०-३०’चा नेम १०० यार्डांवर जुळवला, तर २०० यार्डांवरच ती जवळपास तितकी घसरते. दाट झाडीत ५०-६० यार्डांवर शिकार करणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. पश्चिमेकडील मोकळ्या माळरानावर मात्र हा फरक निर्णायक ठरतो. दुसरे कारण एल्कचे. हरणाच्या कुळातील हे धिप्पाड जनावर तीनशे किलोंच्या पुढे जाते, त्यासाठी अधिक वजनदार आणि खोल शिरणारी गोळी लागते.

खांद्याला बसणारा धक्का

ताकद वाढली, की दस्त्याचा धक्काही वाढतो. ‘.३०-०६’चा धक्का ‘.२४३’च्या सुमारे दुप्पट असतो. १९६३ मधील ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’ त्याच्याही पुढे जाते. धक्क्याची धास्ती बसलेला नेमबाज बार उडण्याआधीच डोळे मिटतो आणि चाप हळुवार दाबण्याऐवजी खेचतो. नळी किंचित हलते आणि हृदयावर धरलेला नेम पोटावर जातो. पोटात गोळी लागलेले हरीण दूरवर पळते आणि पुष्कळदा हाती लागत नाही. फुप्फुसात शिरलेली ‘.२४३’ची गोळी पोटात घुसलेल्या मॅग्नमपेक्षा कितीतरी दयाळू असते. शिवाय धक्का सुसह्य आणि काडतूस स्वस्त असेल, तरच माणूस हंगामापूर्वी पुरेसा सराव करतो.

प्रमुख दावेदार

अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेले ‘.३०-०६’ सर्वांत जुने आणि सर्वसमावेशक. त्यात हलक्या गोळीपासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात, म्हणून हरीण आणि एल्क दोन्हींना ते पुरते. १९२५ मध्ये त्याच्याच कुळातून आलेले ‘.२७० विंचेस्टर’ १३० ग्रेनची गोळी ३,०६० फूट वेगाने फेकते. तिचा मार्ग सपाट असल्याने पहाडी शिकाऱ्यांना ते आवडते. जॅक ओकॉनर या लेखकाने आयुष्यभर त्याचा पुरस्कार केला.

‘.३०८ विंचेस्टर’ १९५२ मध्ये बाजारात आले. नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचे हे नागरी भावंड. कवच आखूड असल्याने रायफल थोडी छोटी व हलकी होते, आणि ‘.३०-०६’च्या तुलनेत वेगातील घट नगण्य आहे. लष्करी वापरामुळे ही काडतुसे लहानशा गावातील दुकानातही सापडतात. त्याचेच तोंड अरुंद करून १९८० मध्ये ‘७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन’ तयार झाले. २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने आणलेले ‘६.५ क्रीडमूर’ मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी होते. लांबट, निमुळत्या गोळीमुळे वाऱ्यात ते कमी भरकटते, धक्काही सौम्य आहे. त्यामुळे नव्या शिकाऱ्यांत ते झपाट्याने लोकप्रिय झाले.

कायदा आणि गोळीची जात

निवडीपूर्वी राज्याचा नियम पाहणे अनिवार्य आहे. ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यात हरणासाठी वर वर्णिलेली निमुळत्या तोंडाची काडतुसे चालत नाहीत. तेथे सरळ कवचाची, कमी अंतर कापणारी काडतुसेच वापरावी लागतात. २०१९ मधील ‘.३५० लेजंड’ हे अशाच राज्यांसाठी निर्माण झाले. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. मेलेल्या जनावराच्या अवशेषांतील शिशाचे कण पोटात गेल्याने काँडोर गिधाडांना विषबाधा होते, हे त्यामागील प्रमुख कारण. तेथे तांब्याची गोळी लागते.

गोळीची जात बोअरइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची. शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उमलणारी गोळीच हरणासाठी योग्य. लष्करी पद्धतीची, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार निघून जाते आणि बारीक छिद्राखेरीज फारसे काही करत नाही. म्हणून अनेक राज्यांत शिकारीसाठी तिला मनाई आहे.

तर मग निवड कोणती?

एकच रायफल घ्यायची असेल आणि ती हरणासाठी सर्वत्र उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर १५० ग्रेनची उमलणारी गोळी आणि ‘.३०८ विंचेस्टर’ हा सर्वांत समतोल पर्याय ठरतो. किशोरवयीन अथवा धक्का सोसवत नाही अशा व्यक्तीने ‘७ मिलिमीटर-०८’ किंवा ‘६.५ क्रीडमूर’ घ्यावे. एल्कचीही शिकार नियमित करायची असेल, तर ‘.३०-०६’ आजही समर्थ आहे. घरात यांपैकी एखादी रायफल आधीच असेल, तर ती बदलण्याचे कारण नाही. ते पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्चावेत.

रायफलीची गोळी चुकल्यास दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. त्यामुळे जनावरामागे मातीचा उतार आहे, याची खात्री झाल्याविना चापाला बोट लावू नये. आपला नेम ज्या अंतरापर्यंत दहापैकी दहा वेळा लागतो, तेच आपले खरे अंतर. रायफलीची क्षमता कितीही असो, त्यापलीकडच्या हरणाला जाऊ द्यावे.