फिश फाइंडर की पाण्याखालचा कॅमेरा? मासेमारीसाठी पैसे नेमके कशात घालायचे?

सप्टेंबर उजाडला की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर मासेमारीच्या रील्सना ऊत येतो. एका रीलमध्ये कुणीतरी पाण्यात कॅमेरा सोडतं आणि मोबाईलवर काचेसारख्या पाण्यात मासा गळाकडे येताना दिसतो. दुसऱ्या रीलमध्ये बोटीवरच्या छोट्या स्क्रीनवर लाल-पिवळे ठिपके दिसतात आणि पुढच्याच क्षणी जाळं भरून वर येतं. खाली कमेंट ठरलेली असते, ‘दादा, लिंक टाका ना.’

काही हजारांपासून पार लाखाच्या पुढे जाणाऱ्या या वस्तू आहेत. हौसेने गळ टाकणाऱ्याचे पैसे वाया गेले तर तो चार दिवस हळहळेल. पण डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार यांचं गणित जुळवणाऱ्या छोट्या बोटीच्या नाखव्यासाठी ती एका हंगामाची कमाई असू शकते.

मग दोघांपैकी घ्यायचं काय? याचं उत्तर ब्रँडपेक्षा तुमच्या पाण्यावर जास्त अवलंबून आहे. कसं, तेच समजून घेऊ.

फिश फाइंडर चालतो कसा?

फिश फाइंडर हे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र आहे. बोटीच्या तळाला किंवा मागच्या बाजूला ट्रान्सड्युसर नावाचा भाग बसवतात. तो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो. म्हणजे ३० मीटर खोल तळाला आपटून परत यायला त्याला ०.०४ सेकंद लागतात. या वेळेवरून यंत्र खोली काढतं. वाटेत मासा आला, तर त्याचा प्रतिध्वनी तळाच्या आधी पोहोचतो आणि स्क्रीनवर उमटतो.

माशांसाठीचं हे यंत्र प्रत्यक्ष वापरात आणण्याचं श्रेय जपानच्या फुरुनो बंधूंना दिलं जातं. १९४८ मध्ये नागासाकी भागात त्यांनी ते बाजारात आणलं. सुरुवातीला तिथल्या मच्छीमारांचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. आज ते जगभरच्या बोटींवर असतं.

घोळ आणि ‘बोत’ची गोष्ट

२०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला तब्बल १५७ घोळ मासे मिळाले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाखांना विकले गेले. ही बातमी तुम्ही तेव्हा वाचली असेल. घोळीला एवढा भाव मिळतो तो तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मच्छीमार तिला ‘बोत’ म्हणतात.

फिश फाइंडरलाही मासा दिसतो तो मुख्यतः याच पिशवीमुळे. माशाचं मांस आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी असते. त्यामुळे मांसावरून आवाज फारसा परत येत नाही. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आदळला, की मात्र तो जोरात मागे फिरतो. म्हणून हवेची पिशवी असलेला मासा स्क्रीनवर ठळक उमटतो.

अडचण अशी, की प्रत्येक माशाला ही पिशवी नसते. मुशी, पाकट आणि आपल्या लाडक्या बोंबलाकडे ती नाही. कोळंबी आणि खेकड्यांचा तर प्रश्नच नाही. यांचे प्रतिध्वनी क्षीण येतात. त्यामुळे स्क्रीन रिकामी दिसली म्हणजे खाली काहीच नाही, असा अर्थ काढता येत नाही.

स्क्रीन वाचताना कुठे चूक होते?

पहिली चूक म्हणजे स्क्रीनला फोटो समजणं. स्क्रीनवर उजव्या कडेला ‘आत्ता’ असतं आणि डावीकडे सरकत जाणारा सगळा ‘मघाशी’ असतो. डावीकडे दिसणारा मासा बोटीच्या डाव्या बाजूला नसतो, तो थोड्या वेळापूर्वी बोटीखाली होता.

दुसरी चूक कमानीबद्दल. मासा आवाजाच्या झोतातून आरपार गेला तर कमान उमटते. तोच मासा बोटीखाली थांबून राहिला तर लांब रेघ उमटते. त्यामुळे लांब रेघ म्हणजे लांब मासा नव्हे!

तिसरी चूक झोताबद्दल. आवाज टॉर्चच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. २० अंशांचा झोत असेल, तर ३० मीटर खोलीवर साधारण साडेदहा मीटर व्यासाचं वर्तुळ यंत्राला ‘दिसतं’. त्या वर्तुळात मासा नेमका कुठे आहे, हे साधं यंत्र सांगत नाही. बहुतेक यंत्रांवर ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन आकडे असतात. ५० चा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो, पण बारकावे कमी देतो. २०० चा आवाज उथळ पाण्यात जास्त स्पष्ट चित्र देतो. किनाऱ्याजवळच्या मासेमारीला बहुतेक वेळा २०० पुरतो.

आणि तळाला अगदी चिकटून बसलेला मासा तळाच्याच रेषेत मिसळून जातो.

पण हेच यंत्र एक गोष्ट फार चांगली सांगतं, ती म्हणजे तळ कसा आहे. खडकाळ तळाची रेषा जाड आणि ठळक येते, चिखलाची फिकट येते. पूर्वी दोरीला शिसं बांधून ‘इतके वाव पाणी’ मोजलं जायचं आणि तळाचा अंदाज घेतला जायचा. तेच काम इथे बसल्या जागी होतं. खडप कुठे आहे हे कळलं, की मासा कुठे असू शकतो याचा अंदाज येतो आणि जाळं अडकून फाटण्याचा धोकाही कमी होतो. छोट्या बोटीसाठी हा फायदा ठिपक्यांपेक्षा मोठा आहे.

मग कॅमेरा वाईट आहे का?

अजिबात नाही. फिश फाइंडर जे सांगू शकत नाही, ते कॅमेरा सांगतो. तो ठिपका तांबोशीचा आहे की पाण्यात तरंगणाऱ्या पिशवीचा? मासे मोठे आहेत की पिल्लं? मासा आमिषापर्यंत येऊन परत का जातोय? याचं उत्तर फक्त डोळ्यांनी मिळतं.

पण कॅमेऱ्याला उजेड आणि स्वच्छ पाणी लागतं. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच नाहीसा होतो, म्हणून खाली सगळं हिरवट-निळसर दिसतं. गाळ असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. कॅमेऱ्याची लाईट लावली तर? धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर जे होतं, तेच. उजेड गाळाच्या कणांवरून परत फिरतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो.

दुसरी गोष्ट केबलची. वायफाय आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात लगेच विरतात. म्हणून खाली सोडलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहायचं तर केबल लागतेच. ‘पूर्ण वायरलेस’ कॅमेरा बहुधा आत रेकॉर्डिंग करतो आणि वर काढल्यावर ते बघायचं असतं. शिवाय बोट चालू असताना कॅमेरा वापरणं कठीण. भरती-ओहोटीच्या ओढीत केबल तिरकी होते, जाळ्यात अडकते.

मग रील्समध्ये एवढं स्वच्छ कसं दिसतं? कारण त्यातले कितीतरी व्हिडिओ अमेरिका-कॅनडातल्या गोठलेल्या तलावांवरचे असतात. बर्फाला भोक पाडायचं, कॅमेरा सोडायचा आणि बसायचं. पाणी संथ, गाळ तळाला बसलेला, बोट हलण्याचा प्रश्नच नाही. तिथे कॅमेरा उत्तम चालतो. ठाण्याच्या किंवा धरमतरच्या खाडीत तोच कॅमेरा फक्त चहाच्या रंगाचं पाणी दाखवेल.

एक ताट आणि दोरी

कॅमेरा घेण्याआधी फुकटात करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्राचा स्वच्छपणा मोजायला पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. ‘सेक्की डिस्क’ या नावाने ती पद्धत आजही वापरतात.

घरचं पांढरं प्लॅस्टिकचं ताट घ्या. वजन बांधा, दोरीला प्रत्येक फुटावर गाठ मारा आणि तुम्ही जिथे मासे पकडता तिथेच, दुपारच्या उजेडात खाली सोडा. ताट दिसेनासं झालं की गाठी मोजा.

- तीन फुटांच्या आतच ताट गायब झालं, तर कॅमेऱ्याचा विचार सोडा.
- दहा-बारा फुटांपर्यंत दिसलं, तर कॅमेऱ्याचा थोडाफार उपयोग होईल.
- त्याहून खोल दिसलं, तर कॅमेरा घेण्यात अर्थ आहे.

ही परीक्षा एकदाच करू नका. पावसाळ्यानंतर लगेच, हिवाळ्यात आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत, असं वेगवेगळ्या वेळी बघा. एकाच जागेचं पाणी वर्षभर सारखं नसतं.

तर कुणी काय घ्यावं?

खाडीत किंवा गढूळ किनाऱ्यावर बोट चालवणारे : फिश फाइंडर. गढूळ पाण्यातही आवाज चालतो. साधं, खोली आणि तळ नीट दाखवणारं यंत्र पुरे. जीपीएससोबत आलं तर सापडलेलं खडप नोंदवून ठेवता येतं.

डोल जाळी लावणारे : बहुतेकांना दोन्हीची गरज नाही. जाळं एका जागी बांधलेलं असतं आणि ओढीबरोबर मासा त्यात येतो. मासा शोधत फिरायचंच नाही, तर शोधायच्या यंत्रावर खर्च कशाला?

मालवण-तारकर्लीसारख्या स्वच्छ पाण्यात खडपावर गळ टाकणारे : आधी फिश फाइंडर, मग जमलं तर कॅमेरा. यंत्राने जागा शोधायची, कॅमेऱ्याने खात्री करायची.

धरणावर किंवा तलावावर काठावरून गळ टाकणारे : गळाच्या दोरीला बांधून फेकता येणारा छोटा फिश फाइंडर मिळतो. तो पाण्यावर तरंगतो आणि मोबाईलवर चित्र पाठवतो. रोहू, कटला यांना हवेची पिशवी असते, त्यामुळे ते त्यात उमटतात. मात्र धरणावर मासेमारीला परवानगी लागते का, हे आधी विचारा. बऱ्याच जलाशयांचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात.

व्हिडिओ बनवणारे : कॅमेरा. पण मग तो मासे मिळवण्यासाठी नाही, व्ह्यूज मिळवण्यासाठी घेताय, हे स्वतःशी कबूल करा.

खरेदी करताना बॉक्सवरच्या खोलीच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा सहसा चांगल्या परिस्थितीतला असतो. खारं पाणी, गाळ आणि लाटा यांत तो कमी होतो. ट्रान्सड्युसर बसवताना त्याच्यासमोर पंख्याचे बुडबुडे येणार नाहीत हे बघा. बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे स्क्रीनभर खोटे मासे.

मासा दिसला म्हणजे मिळाला का?

इथेच खरा मुद्दा आहे. यंत्र मासा दाखवतं, मासा निर्माण करत नाही. समुद्रात मासळी कमी झाली असेल, तर भारी यंत्र फक्त रिकामा समुद्र अधिक स्पष्ट दाखवेल. आणि प्रत्येकाकडे यंत्र आलं, तर उरलेला थवा सगळ्यांना एकाच वेळी सापडेल.

म्हणून नियम लक्षात ठेवायला हवेत. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही केंद्राची ६१ दिवसांची बंदी असते, आणि राज्याचा त्या वर्षीचा आदेशही बघावा लागतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी पकडायच्या माशाचा किमान आकारही ठरवून दिला. फिश फाइंडरच्या ठिपक्यावरून पिल्लांचा थवा नेहमी ओळखता येत नाही. त्यामुळे जाळ्याच्या आसाचा आकार योग्य ठेवणं आणि लहान मासा सोडून देणं हे काम माणसालाच करावं लागतं.

आणि खर्च करण्याआधी एक फुकट गोष्टही वापरून बघा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे कुठे असण्याची शक्यता आहे, याची माहिती मच्छीमारांना देते. कुठल्या दिशेला जायचं हे त्यावरून ठरवता येतं. तिथे पोहोचल्यावर खाली काय आहे, हे फिश फाइंडर सांगतो. पाणी स्वच्छ असेल, तर तो मासा कोणता, हे कॅमेरा.

त्यामुळे पुढच्या वेळी रीलखाली ‘लिंक टाका’ लिहिण्याआधी दोरीला ताट बांधा आणि आपल्या पाण्यात सोडून बघा.